एज कुठल्या मापाचा घ्यावा? (नव्याने चार्ज मिळालेल्यांसाठी)

अभिनंदन. बँकेच्या किंवा कारखान्याच्या सर्व्हर रूमची किल्ली तुमच्या हाती आली, म्हणजे आधीचा माणूस पुण्याला गेला. जाताना त्याने पासवर्डची वही ठेवली असेल, तर निम्म्या जिल्ह्यापेक्षा तुम्ही नशीबवान.

पहिलं काम माप ठरवण्याचं. हल्ली राऊटर हाही एक व्हीएमच असतो. व्हीएमवेअरच्या एनएसएक्समध्ये त्याला एज म्हणतात आणि तो चार मापांत मिळतो: स्मॉल २ व्हीसीपीयू आणि ४ जीबीचा, मीडियम ४ आणि ८चा, लार्ज ८ आणि ३२चा, एक्स्ट्रा लार्ज १६ आणि ६४चा. चेअरमनसाहेबांना विचाराल तर ते शेवटच्यावरच बोट ठेवतील. कोल्हापुरात लहान माप मागून आपली शोभा कोण करून घेईल? तेव्हा तेच घ्या. तुमच्या होस्टवर सॉकेटमागे १२ कोअर असतील तर बहार येते. एज दोन सॉकेटवर पसरतो, मेमरीसाठी पलीकडे हेलपाटे घालतो आणि ६४ जीबी स्वतःसाठी राखून कोअर बँकिंगच्या व्हीएमला उपाशी ठेवतो. व्हाउचर पास व्हायला वेळ लागतोय अशी तक्रार आली, तर ‘नेटवर्क लई मोठं घेतलंय, तिकडं प्रश्नच न्हाई’ असं सांगायचं. (१२ कोअरचे पैसे वाचले असं समजू नका. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतली, तेव्हापासून परवाना कोअरमागे वर्गणीने मिळतो आणि प्रोसेसरमागे किमान १६ कोअर धरले जातात.)

कंजूष वाचकांसाठी: एकूण रहदारी २ जीबीपीएसच्या आत असेल तर मीडियम, २ ते १०पर्यंत लार्ज. स्मॉल फक्त डेमोसाठी.

आता एक गोष्ट, जी मीटिंगमध्ये बोलायची नाही. बहुतेक रहदारी एजपर्यंत जातच नाही. ॲप्लिकेशन सर्व्हर डेटाबेसशी बोलतो ते होस्टच्या कर्नलमध्येच राऊट होतं, कारण राऊटरचा एक तुकडा प्रत्येक होस्टवर बसलेला असतो. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे जसे पाणी चढलं की कुणाच्या हुकमाची वाट न पाहता उघडतात, तसंच हे. एनएसएक्सचे तिन्ही मॅनेजर बंद पडले तरी चालू रहदारी चालूच राहते, फक्त नवे बदल करता येत नाहीत. एज लागतो तो बाहेर जाणारी रहदारी, नॅट, व्हीपीएन, लोड बॅलन्सर यांच्यासाठी.

इतकं सोपं राहिलं तर तुमची गरज कुणाला वाटणार? म्हणून प्रत्येक खात्याला वेगळा टियर-वन राऊटर द्या आणि ‘पुढं लागंल’ म्हणून प्रत्येकाला एज क्लस्टर जोडून टाका. आता कर्ज खातं ठेव खात्याशी बोलायलाही एजवरून फिरून जाईल. मग तो एक्स्ट्रा लार्ज खरोखरच लागेल.

सीपीयूचा आलेख १०० टक्के दिसला की लगेच कोटेशन मागवा. एजचे पॅकेट हलवणारे कोअर पोल मोडमध्ये काम नसतानाही फिरतच असतात, हे व्हेंडरला ठाऊक असतं, पण तो कशाला सांगेल? एमटीयू १५००च राहू द्या. एनएसएक्सच्या जिनीव्ह वेष्टनाला निदान १६०० लागतो. त्यामुळे छोटा पिंग छान जाईल, मोठी फाइल अडकेल आणि तुम्ही आठवडाभर फायरवॉलवर संशय घेत बसाल.

एज दोन घ्या, दोन्ही एकाच होस्टवर ठेवा. दोघांवर ८० टक्के भार असू द्या. एक पडला की दुसऱ्यावर १६० टक्के येईल, हे गणित ऑडिटर सहसा करत नाहीत.

राहिल्या बाहेरच्या लाइन. दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्या. बिलं वेगळी, लोगो वेगळे, सेल्समनही वेगळे. फायबर मात्र दोघांचं पुण्याकडे शिरोलीवरून, महामार्गाच्या कडेनेच गेलेलं असू शकतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा नदी ४३ ओलांडून बरीच वर गेली आणि शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला. अशा वेळी दोन्ही बीजीपी शेजारी एकदमच पडतात आणि तुमचा एज इमानेइतबारे मेलेल्या लाइनवरून दुसऱ्या मेलेल्या लाइनवर रहदारी वळवायला बघतो. त्याला पाच मापं वाढवून घ्या, पाण्याखालच्या कॅबिनेटला फरक पडत नाही. जनरेटरच्या डिझेलचा टँकरही त्याच रस्त्याने येतो. तिसरी लाइन रत्नागिरीकडून घ्यावी म्हणाल, तर त्याही रस्त्यावर पाणी येतं. गगनबावड्याकडे बालिंग्याचा पूल आहेच.

तेव्हा सही करण्याआधी दोन्ही कंपन्यांकडे केबलच्या मार्गाचा नकाशा लेखी मागा आणि पाटबंधारे खात्याच्या निळ्या-लाल पूररेषेचा नकाशा त्यावर ठेवून बघा. ‘मार्ग गोपनीय आहे’ असं उत्तर आलं, तर ‘मग कुठला पूल ओलांडता तेवढं सांगा’ एवढंच विचारा.