एकहाती ॲप, बारा पाहुणे

प्रस्तुत लेखकाच्या ॲपमधलं सगळ्यात आधी पूर्ण झालेलं पान म्हणजे ‘निर्मात्याविषयी’. संकल्पना, रचना, प्रोग्रॅमिंग, चाचणी अशा चार ओळी आणि चारहींपुढे एकच नाव. फोटोसाठी लेखक नांदेडच्या घाटावर गेला होता आणि गोदावरीकडे पाठ करून, लांब कुठंतरी बघत, मोठ्या विचारात असल्यासारखा उभा राहिला होता. ॲपमध्ये तोवर एकच बटण होतं. ते दाबलं की ॲप बंद पडायचं.

ॲप आहेराचं. कुणाच्या लग्नात कुणी काय दिलं, आपण काय फेडलं, कुणाचं बाकी आहे, हे आजवर पत्र्याच्या पेटीतल्या वहीत असायचं. ते मोबाइलमध्ये आणायचं. कल्पना चांगलीच होती. अडचण एवढीच, की तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि आहेराचं ॲप करायला बसावं तर रविवारी आहेर द्यायला जावं लागतं. लेखक दिवसा कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, संध्याकाळी लेकीचा अभ्यास घेतो आणि सासरवाडी लातूरची असल्यामुळे लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर ही गावं त्याला डोळे मिटूनही ओळखता येतात. उरलेल्या वेळेत, म्हणजे रात्री अकरानंतर, तो जगातल्या एकांड्या प्रोग्रॅमरांच्या यादीत बसतो.

ती यादी त्याला तोंडपाठ आहे. त्यात हनोईचा डाँग न्गुयेन सगळ्यात वर. आईवडिलांच्या घरी राहणाऱ्या या माणसाने २०१३मध्ये काही दिवसांत ‘फ्लॅपी बर्ड’ हा खेळ लिहिला. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला तो जगभर इतका पसरला, की जाहिरातींतून दिवसाला पन्नास हजार डॉलर मिळत असल्याचं त्याने सांगितलं. आणि फेब्रुवारी २०१४मध्ये, या गडबडीने आपलं साधं आयुष्य नासलं म्हणून, त्याने तो खेळ स्वतःच काढून टाकला. लेखकाच्या मनावर पन्नास हजार डॉलरपेक्षा त्या काढून टाकण्याचाच परिणाम जास्त झाला. आपणही प्रसिद्धीला कंटाळून ॲप मागे घेताना जनतेला काय सांगायचं, याचं चार परिच्छेदांचं निवेदन त्याने तयार ठेवलं आहे. भाषा संयत आहे.

बायकोला त्याने दुसऱ्या एकाची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या एरिक बरोनने ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ साडेचार वर्षं एकट्याने केला. चित्रं, संगीत, प्रोग्रॅम, सगळं स्वतः. २०१६मध्ये तो बाजारात आला आणि पुढे त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या.

“साडेचार वर्षं घर कोण चालवत होतं?” बायकोने विचारलं.

अंबर हेगमन. त्याची जोडीदारीण. तो संध्याकाळी थिएटरात लोकांना जागा दाखवायचं काम करायचा, पण खर्चाचा मोठा भार तिच्यावर होता. बायकोने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं आणि कणीक भिजवायला घेतली. ‘निर्मात्याविषयी’ पानावर पाचवी ओळ घालावी, असं लेखकाच्या तेव्हा मनात आलं होतं. पण पानाची मांडणी बिघडत होती.

सासऱ्यांचा दाखला जवळचा. बीड जिल्ह्यातले दादासाहेब भगत इन्फोसिसमध्ये हरकाम्या म्हणून लागले, डिझाइन आणि प्रोग्रॅमिंग शिकले आणि लॉकडाउनमध्ये गावी येऊन गोठ्यातून सॉफ्टवेअरचं काम केलं. “आन् तुमच्याकडं तर पंखा हाय,” सासरे म्हणाले. दादासाहेबांबरोबर गावाकडचे मित्रही कामाला होते, हे लेखकाने सांगून पाहिलं. सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आहेराचा हिशेब वरून दिसतो तितका सोपा नाही. रोख रक्कम एका रकान्यात बसते. पण टॉवेल-टोपी, पातळ, स्टीलचा तांब्या, पितळी घागर यांची बेरीज कशी करायची? सुरुवातीला लेखकाने शेवटी एक नसलेली रक्कम नाकारायची अशी अट घातली. पाचशे लिहिलं की ॲप ‘पाचशे एक?’ असं विचारायचं. चुलत्यांना हे फार आवडलं. आत्याला नाही. “तीस वर्षांमागं त्यानी अकरा रुपये दिले म्हनून आता तू अकराच देनार का रे?” या एका वाक्यात महागाईचा निर्देशांक, सोयाबीनचा भाव आणि घराण्याची इभ्रत असं सगळं आलं होतं. त्यावर सूत्र बसवता बसवता दोन लग्नसराया उलटल्या. त्यातच ‘कृपया आहेर आणू नयेत’ अशा पत्रिका वाढू लागल्या. ती ओळ पत्रिकेवर दिसली, की लेखकाला ती आपल्यालाच उद्देशून छापली आहे असं वाटतं.

पण खरी मजा पुढे आहे, आणि तिच्यासाठी वाचकाने थोडा वेळ काढावा.

गूगलच्या प्ले स्टोअरवर ॲप ठेवायचं तर एकदाच पंचवीस डॉलर भरून खातं काढावं लागतं. इथवर ठीक. पण १३ नोव्हेंबर २०२३नंतर वैयक्तिक खातं काढणाऱ्यांना आणखी एक अट आहे. ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी ठरावीक परीक्षकांनी सलग चौदा दिवस चाचणीत राहायला हवं. आधी परीक्षक वीस लागत. डिसेंबर २०२४मध्ये ते बारा केले. कुचकामी ॲपांचा लोंढा थांबावा, हा हेतू रास्तच आहे. फक्त नांदेडच्या एकहाती निर्मात्याला आता बारा हात लागणार होते, आणि तेसुद्धा अँड्रॉइडवाले.

मेहुण्याचा फोन आयफोन. ॲपलच्या दुकानाची फी वर्षाला नव्याण्णव डॉलर, म्हणून तो बाद. भाचा लातूरला नीटच्या रिपीट बॅचला. लातूर पॅटर्नचा दबदबा असा, की पोराच्या हाती बटणाचा फोन. त्यावर साप खेळतो, ॲप चालत नाही. सासऱ्यांच्या मोबाइलमध्ये जागाच नव्हती. तिथे ‘शुभ सकाळ’चे इतके सूर्य उगवलेले होते, की त्यातला एकही मावळू द्यायला ते तयार होईनात. दाजींनी बँकेचा इशारा मनावर घेतलेला. अनोळखी लिंक दाबायची नाही. “दाजी, मी पाठवलीय,” असं फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, “आवाजबी काढतेत आजकाल तुमच्यासारका.” आत्याने घेतलं; पण तिची शंका वेगळी होती. कुणी काय दिलं ते सगळ्यांना दिसंल का? नाही म्हटल्यावर तिने लगेच काढून टाकलं. मग काय उपयोग?

कसेबसे बारा जमले. पण ते चौदा दिवस म्हणजे सोळा सोमवारच. मधेच एकजण उठला की व्रत मोडलं. नेमका शेवटच्या टप्प्यात चुलतभावाने नवा फोन घेतला. ऑफ तासाला स्टाफरूममध्ये बसून लेखक आलेखावर बारांचे अकरा होताना बघत राहिला. मराठी टंकलेखनासाठी ‘गमभन’ करणाऱ्या ॐकार जोशींनी किंवा मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी खपलेल्या शंतनू ओकांनी आपापल्या दाजींचं काय केलं असेल, हे एकदा विचारायला हवं.

बारावी जागा शेवटी सासूबाईंनी भरली. चाचणीसाठी खरी माहिती हवी, म्हणून त्यांनी पेटीतून वही काढून दिली. मे १९९३. औसा तालुक्यात त्यांच्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं, त्याचे आहेर सासऱ्यांच्या टपोऱ्या अक्षरात. लेखकाने रात्री बसून सगळ्या नोंदी भरल्या. ॲपने चोख काम केलं. ज्यांचं फेडलेलं नव्हतं ती नावं लाल केली, शेजारी ‘बाकी’ लिहिलं. एक अख्खं पान लाल झालं. नावांपुढे गावं होती. किल्लारी. मंगरूळ. पुन्हा किल्लारी.

त्या लग्नाला पाच महिनेही झाले नव्हते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती बोळवून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद. लातूर-उस्मानाबाद भागातल्या त्या भूकंपात जवळपास दहा हजार माणसं गेली.

लेखकाने सूचना वाचली: ‘या व्यक्तींना आहेर देणे बाकी आहे.’ वाक्य त्यानेच लिहिलेलं होतं. मराठी शुद्ध होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने सासूबाईंना फोन केला. ही नावं ॲपमधून काढून टाकू का?

“कामून काढताव जावईबापू?” त्या म्हणाल्या. “देनं हाय ते. ह्यातल्या एकाची लेक वाचली की. आजोळी झोपली होती त्या दिवशी. आता तिच्या पोरीचं लगीन निघालंय. तितं द्यायचं.”

‘बाकी’ आणि ‘फेडलं’ एवढ्या दोनच खुणा ठेवून लेखकाने ॲपची सगळी रचना केली होती. आता त्यात पुढची पिढी बसवायची, तर माहितीचे तक्ते मुळापासून मोडावे लागणार. एका नोंदीला वारस जोडायचा, त्याला पुन्हा वारस, आणि माहेर-सासरमुळे आडनावं बदलत जाणार. निरोपाच्या निवेदनाची गरज इतक्यात तरी पडेल, असं त्याला वाटलं नाही.

चौदा दिवसांनी परीक्षकांचे अभिप्राय मागवले. बहुतेकांनी अंगठा पाठवला. दाजींनी ‘हे नक्की तुम्हीच आहात का’ असं विचारलं. सासूबाईंचा मात्र आवाजी निरोप आला आणि तो चांगला लांब होता. पितळी घागर चाकूरवाल्यांनी नाही, त्यांच्या थोरल्याने दिली होती. त्या दोघांचं तेव्हाच वाटणीवरून फाटलेलं, तर त्यांना एका ओळीत घालू नका. अक्षरं लई बारीक हाईत. लाल रंग नको, हळदी करा. आणि त्या नातीचं लगीन पुढल्या रविवारी औशाला हाय, तर शनवारीच या, लेकराला घेऊन या, आन् ते कम्पुटर तितं आनू नका.

बायकोने शनिवारच्या गाडीची वेळ विचारली. लेखकाने लाल रंगाचा हळदी केला, नवी आवृत्ती लग्नानंतरच्या आठवड्यात ढकलली आणि पाचशे एकचं पाकीट करायला सुट्टा रुपया शोधू लागला.