पेडलपंत

पेडलपंतांच्या शेजारी जेवायला बसायचं नाही, हे त्यांच्या सोसायटीतल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय कामावर असतो. चवडा दाबलेला, आणि टाच झटकन उजवीकडे वळून पुन्हा जागेवर. वाढपी मठ्ठा घेऊन आला की टाच वळते. सत्यनारायणाच्या कथेत साधुवाण्याची नौका संकटात सापडली की टाच वळते. सासरे आयसीयूत असताना डॉक्टर काहीतरी गंभीर सांगत होते, तेव्हा ती दोनदा वळली. ‘थर्डवरून सेकंड,’ बायकोने हताशपणे नर्सला समजावलं.

या कलेला हील अँड टो म्हणतात. वळणाआधी जोरात ब्रेक लावता लावता खालचा गिअर टाकायचा असतो. क्लच सोडताना इंजिनाचे फेरे कमी पडले तर गाडी हिसका खाते, ओढणाऱ्या चाकांची पकड सुटू शकते. म्हणून चवडा ब्रेकवर ठेवूनच त्याच पायाच्या टाचेने किंवा कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी मारायची. रेस ट्रॅकवर याचा उपयोग आहे. पेडलपंतांना ते दूधवाल्याच्या दुकानापर्यंत जाताना लागतं.

आणि त्यासाठी कंपनीची पेडल कशी पुरणार? पंतांच्या मॅन्युअल पोलोला आजवर किती संच बसले याचा हिशेब घरच्यांनी सोडून दिलाय. स्पार्को, ओएमपी, मोमो ही इटालियन नावं ते कुलदैवताच्या चालीवर घेतात. पहिला संच मात्र नाना पेठेतला, ‘कुठल्याही गाडीला बसतो’ या वर्गातला: चकचकीत ॲल्युमिनियम, भोकंच भोकं, मधे रबरी गुंड्या, मागून पकडणारी क्लिप. कुठल्याही गाडीला बसणारी वस्तू एकाही गाडीला नीट बसत नाही, हे ताम्हिणी घाटात कळलं. ब्रेकवरची पट्टी कलली, क्लिप सैल झाली. तीच पट्टी निसटून ब्रेकखाली अडकली असती तर पुढचं सांगायला पंत उरले नसते. तेव्हापासून ते पेडलला भोक पाडून बोल्ट आवळतात आणि दर रविवारी डॅशबोर्डखाली डोकं घालून ते तपासतात. बाहेर फक्त पाय दिसतात. त्यातली उजवी टाच वळत असते.

खरं शास्त्र भोकांत नाहीच, ते उंचीत आणि अंतरात आहे. ब्रेक ॲक्सिलरेटरपेक्षा थोडा उंच हवा. म्हणजे जोरात दाबल्यावर तो खाली जाऊन दोघं एका पातळीवर येतात आणि पाय सहज वळतो. गोची अशी, की शहरात कोणी एवढा ब्रेक दाबत नाही. हळू दाबला तर ब्रेक उंचच राहतो आणि टाच हवेत तरंगते. मग कला साधावी म्हणून पंत गरजेपेक्षा जोरात ब्रेक मारतात. चांदणी चौकातल्या गर्दीत मागच्या सीटवरच्या मेहुणीच्या मांडीवरचा ढोकळा पुढच्या सीटच्या पाठीला चिकटला, तो असा.

त्यांना रेसिंग ड्रायव्हर आयर्टन सेन्नाचं नाव सांगू नये. सांगितलंच तर वेळ काढून सांगावं. सुझुकाच्या ट्रॅकवर होंडा एनएसएक्स पळवणाऱ्या सेन्नाच्या पायांचं जुनं चित्रण ते दाखवतात. पांढरे मोजे, साधे लोफर, आणि नाचावेत तसे पाय. ‘पण पंत, पेडल तर गाडीचीच दिसतायत?’ असं एका कॉलेजकुमाराने विचारलं. पंतांनी व्हिडिओ बंद केला.

काळही त्यांच्या बाजूने नाही. फॉर्म्युला वनच्या गाडीत क्लचचं पेडलच नसतं, तो स्टिअरिंगमागे गेलाय. पोलो भारतात 2022 मध्ये बंद झाली. मेहुण्याच्या इलेक्ट्रिक गाडीत ना क्लच ना गिअर, नुसता पाय उचलला तरी वेग उतरतो. ती चालवून आल्यावर पंत दोन दिवस गप्प होते. म्हणे, गाडी छान आहे, पण पायाला काही विचारतच नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण दुसऱ्या मजल्यावरच्या काकू साठीच्या घरात आल्यावर गाडी शिकल्या. उंची बेताची, जुनी अल्टो, पहिला गिअर टाकताना करकर. सीट पुढे घ्यावी तर छाती स्टिअरिंगला टेकायची. क्लासवाल्याने ‘वय झालं’ म्हणून हात झटकले. पंतांनी टाच थांबवली (बायको साक्षीदार आहे) आणि खाली बसून काकूंचा डावा पाय बघितला. क्लचच्या केबलचा फ्री प्ले, म्हणजे ढील, वाढला होता. पेडल पार तळाला गेल्याशिवाय क्लच सुटत नव्हता, आणि काकूंचा पाय तिथवर पोचत नव्हता. पंतांनी नट फिरवून केबल ताणली, थोडी ढील राखली, क्लचवर जाड रबरी ठोकळा बोल्टने बसवला आणि सीट मागे सरकवली. स्टिअरिंग ते छाती पंचवीस सेंटिमीटर, टेपने मोजून. पैसे घेतले नाहीत. चिरोटे घेतले.

काकू आता हळदीकुंकवाला फ्री प्लेवर बोलतात. परवा त्यांनी पंतांना विचारलं, ‘अरे, तुझ्यासारख्या त्या भोकाभोकाच्या चकचकीत पट्ट्या माझ्या गाडीला बसतील का?’

‘नको काकू,’ पंत आजूबाजूला बघून हळूच म्हणाले, ‘पावसात ओल्या चपलेखाली फार घसरतात हो.’