दारिद्र्याची कमाल मर्यादा

गरीब कोणास म्हणावे, या प्रश्नापायी आपल्या अर्थशास्त्रज्ञांनी निदान दोन पिढ्या खर्ची घातल्या. पुण्याच्या दांडेकर आणि रथ या विद्वानद्वयाने 1971 साली माणशी 2,250 उष्मांकांचा हिशेब मांडला. मागाहून कोणी दरडोई खर्च मोजला, कोणी भिंती मातीच्या की विटांच्या हे पाहून गुण दिले. आणि एवढा खटाटोप होऊनही एका समितीचा आकडा दुसऱ्या समितीच्या आकड्यास कधी मिळाला नाही. ही अनवस्था संपवण्याचे श्रेय महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाकडे जाते, आणि त्याबद्दल आयोगाचा यथोचित गौरव अद्याप कोणीच केलेला नसल्यामुळे ते कर्तव्य प्रस्तुत सदरास पार पाडावे लागत आहे. आयोगाच्या दरआदेशांप्रमाणे, ज्याच्या घराचा मंजूर भार पाव किलोवॅटहून अधिक नाही आणि ज्याने मागील आर्थिक वर्षात 360 युनिटांहून अधिक वीज जाळलेली नाही, तो दारिद्र्यरेषेखालील वर्गवारीच्या सवलतीस पात्र होतो. जमीनदारांच्या जमिनीस कमाल मर्यादा घालणाऱ्या या राज्याने दरिद्री माणसाच्या दारिद्र्यासही एक कमाल मर्यादा घालून दिली, यात समदृष्टीच दिसते.

360 हा आकडाही मोठ्या विचाराने निवडलेला असावा. वर्षाचे दिवस 365. म्हणजे वर्षातले पाच दिवस अंधारात काढण्याची तयारी असेल, तर उरलेल्या प्रत्येक दिवसास नेमके एक युनिट वाट्यास येते. 75 वॅटचा एक पंखा बारा तास फिरवला आणि नऊ वॅटचे दोन दिवे पाच तास लावले, की शेकडा 99 भाग युनिट संपले. उरलेल्या एका शतांशात भ्रमणध्वनी भारित करावा की मुलाने पहाटे उठून अभ्यास करावा, याचा निर्णय कुटुंबाने एकमताने घ्यावयाचा. मंजूर भार 250 वॅट असल्यामुळे चटणी वाटण्याचे यंत्र फिरवणे हा नियमभंग ठरतो, आणि त्यायोगे पाटावरवंट्याचे जे संरक्षण आपोआप घडते, ते संस्कृतिरक्षणाच्या कोणत्याही समितीस आजवर साधलेले नाही.

परंतु या व्यवस्थेचा खरा कळस पुढेच आहे. एखाद्या वर्षी 360 ची रेषा ओलांडली, तर तो ग्राहक सर्वसामान्य घरगुती दरास पात्र होतो. आणि पुढे त्याचा वापर कितीही घटला तरी त्यास गरिबांच्या वर्गवारीत परत येता येत नाही. ज्या पदास पोहोचल्यावर पुन्हा माघारी येणे नाही, अशा पदाचे वर्णन आपल्या शास्त्रांनी फार केले आहे. ते वीजबिलाच्या मार्गाने प्राप्त होते, हे मात्र त्यांच्या ध्यानात आले नव्हते. दारिद्र्य हटवण्याच्या घोषणा अनेक सरकारांनी केल्या, पण ते कायमचे हटवून परतीची वाट बंद करण्याचे धैर्य केवळ या एका कलमाने दाखवले.

आमच्या अहमदनगर, आता अहिल्यानगर, जिल्ह्यात या कलमाचा अभ्यास करण्यास पाथर्डी तालुक्यासारखी जागा नाही. पर्जन्यछायेतला हा मुलूख. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या मुकादमाची उचल घेऊन जोडप्यांचे कोयते साखर कारखान्यांच्या वाटेस लागतात आणि हंगाम सरला म्हणजे उन्हाळ्यात परततात. मधले पाच-सहा महिने घरास कुलूप. तेव्हा वार्षिक 360 युनिटांत ज्यांचे भागते, त्यांत या मंडळींचा क्रमांक अर्थातच वरचा लागावा. सहा महिने घरी नसल्यामुळेच ती बारा महिने गरीब राहू शकतात. संकट येते ते वैशाखात. फडातून परतलेल्या माणसाने वैशाखाच्या उकाड्यात म्हाताऱ्या आईसाठी दुसरा पंखा लावला, लेकीच्या लग्नात मांडवात दोन माळा अधिक सोडल्या, की आर्थिक वर्षाच्या अखेरीस खतावणी पाहणारा कारकून त्यास सन्मानपूर्वक मध्यमवर्गात बढती देतो. पुढच्या हंगामात तोच माणूस पुन्हा फडात पाचटावर निजतो, हा तपशील खतावणीत मांडण्यास रकाना नाही.

जो शहरात राहिला त्याची तऱ्हा वेगळी. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास एका मीटरवर चार बिऱ्हाडे हे दृश्य काही अपूर्व नाही. प्रत्येक बिऱ्हाडाने 75 युनिटे जाळली तरी मीटर 300 दाखवणार. पहिल्या 100 युनिटांचा दर स्वस्त, पुढच्या 200 चा महाग. त्यामुळे चार गरीब मिळून एक श्रीमंत सिद्ध होतात. पलीकडच्या बंगल्यात एकट्याने राहून 90 युनिटांत भागवणारे निवृत्त गृहस्थ मात्र प्रत्येक युनिटास तळाचा दर देतात. काटकसरीस उत्तेजन मिळावे म्हणून टप्प्यांची ही रचना आहे असे सांगतात, आणि त्या गृहस्थांना ते मिळतेही. भाडेकरूचे नाव बिलावर नसल्यामुळे तो ग्राहक नव्हे. आणि जो ग्राहक नव्हे, त्यास गाऱ्हाणे निवारण मंचाकडे गाऱ्हाणे असण्याचे कारण काय?

येथवर वाचून कोणी म्हणेल की आयोग कठोर आहे. हा आरोप आम्ही साफ नाकारतो. विजेच्या व्यवहारातील थकबाकीदाराबद्दल किती माया, किती धीर आणि किती सहानुभूती बाळगता येते, याचा देशास दाखवावा असा दाखला याच जिल्ह्याने दिलेला आहे, आणि त्याचे नाव मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था.

ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ 1969 साली स्थापन झाले आणि अमेरिकन सल्लागारांच्या साहाय्याने देशात पाच ठिकाणी वीजवाटपाच्या सहकारी संस्था प्रयोगादाखल काढण्यात आल्या: तेव्हाच्या आंध्रातील सिरसिल्ला, कर्नाटकातील हुकेरी, गुजरातेतील कोडिनार, उत्तर प्रदेशात लखनौजवळ एक, आणि महाराष्ट्रात आमची मुळा-प्रवरा. लोणीस विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून शेतकरी कारखानदार होऊ शकतो हे जगास दाखवले होते. तेव्हा तो वीजवाटपाचा धनीही होऊ शकेल, ही आशा त्या काळी गैर नव्हती, आणि श्रीरामपूर-राहुरीच्या बाजूस विहिरीवरच्या मोटा जाऊन पंप आले यात संस्थेचा वाटा कोणी नाकारू नये. घाऊक वीज राज्य वीज मंडळाकडून घ्यावयाची आणि किरकोळ विकावयाची, एवढाच व्यवहार. पण गिऱ्हाईक बहुतांशी शेतीपंपांचे, त्यांचा दर पडता, आणि ज्याच्या जिवावर शेतकऱ्यास स्वस्त द्यावे असा मोठा कारखानदार ग्राहक हाताशी थोडा; शिवाय घाऊक दरच अवाजवी आहे, हे संस्थेचे म्हणणे. ते अगदीच बिनबुडाचे होते असे नाही. दोन्ही बाजूंस कैफियती असल्या म्हणजे आपल्याकडे वसुली थांबते, तशी ती थांबली. थकबाकी वाढत वाढत दोन हजार कोटींच्या पलीकडे गेली आणि संस्थेच्या परवान्याची मुदत 31 जानेवारी 2011 रोजी संपली, तेव्हा आयोगाने मंडळाच्या जागी आलेल्या महावितरणला कारभार हाती घेण्यास सांगितले. त्यावर अपिले झाली. खांब संस्थेचे, तारा संस्थेच्या. मग ते वापरल्याबद्दल थकबाकीदारास धनकोने मोबदला किती द्यावा, हाही प्रश्न यथावकाश उपस्थित झाला.

आता विद्युत अधिनियम 2003 चे कलम 56 पाहा. बिल थकले, तर पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडण्याची मुभा पुरवठादारास आहे. वरील संस्थेच्या बाबतीत हे पंधरा दिवस कित्येक वर्षे चालले, आणि पाथर्डीच्या कुलूपबंद घराच्या बाबतीत ते पंधरा दिवसच चालतात. दोन हजार कोटींच्या थकबाकीमागे धोरण असते, समाजकारण असते, निवडणूक असते; चारशे रुपयांच्या थकबाकीमागे केवळ दारिद्र्य असते, आणि ते 360 युनिटांच्या आत आहे की नाही हे आधी तपासावे लागते. गरीब ग्राहकांचे हित जपायचे म्हणून संस्थेवर हात उगारू नये, हा युक्तिवाद त्या सर्व काळात आम्ही भक्तिभावाने ऐकला. त्या गरीब ग्राहकाची तार त्याच काळात कोण तोडत होते, हे विचारणे औचित्यास सोडून झाले असते.

सहकाराने भागले नाही म्हणून मग मक्ता. टोरंट कंपनीने 26 जानेवारी 2007 रोजी भिवंडीची वीज हाती घेतली, गळती घटली, वसुली वाढली, आणि या यशाने हर्षभरित होऊन नागपूर, औरंगाबाद, जळगाव ही शहरेही निरनिराळ्या कंपन्यांस देण्यात आली; त्यांतली जीटीएल 2014 साली, क्रॉम्प्टन 2015 साली आणि नागपूरची एसएनडीएल 2019 साली रजा घेऊन गेली. कायद्याने या मक्तेदारास आयोगाचा परवाना लागत नाही. मीटर तो वाचणार, बिल तो वाटणार, तार तो तोडणार; परंतु जबाबदारी मूळ परवानाधारकाची, म्हणजे महावितरणची. ज्याच्या दारात ग्राहक उभा आहे त्यास आयोग थेट विचारीत नाही, आणि ज्यास विचारतो त्याने दारच दुसऱ्यास दिलेले. आमच्या नगरास या गोष्टीचे नवल वाटू नये. निजामशाहीत महसूल इजाऱ्याने देण्याची चाल होती, आणि ती मोडून जमिनीच्या पाहणीवर जमाबंदी बसवणारा वजीर म्हणून मलिक अंबराची ख्याती आहे. 1626 साली तो वारला. त्याने केलेली चूक दुरुस्त होण्यास चारशे वर्षेही लागली नाहीत.

आयोगाच्या बाजूने एक मान्य केले पाहिजे: तेथे सर्वांचे ऐकून घेतात. आयोग 1999 च्या ऑगस्टात अस्तित्वात आला, त्याच वर्षीच्या मे महिन्यात दाभोळच्या एन्रॉन प्रकल्पाचा पहिला टप्पा सुरू झाला होता. वरात दारात आल्यावर पत्रिका जुळवण्यास बसलेल्या जोशीबुवांसारखी त्याची अवस्था होती, तरी पुढे जाहीर सुनावणीची प्रथा त्याने पाडली आणि पुण्याच्या ‘प्रयास’सारख्या संस्थांनी हजारो पृष्ठांची बाडे वाचून कंपन्यांना घाम फोडला, हे खोटे नाही. नगरच्या माणसाने हरकत घ्यावयाची तर नाशिकच्या सुनावणीस जावे. मूळ याचिका इंग्रजीत. वर्तमानपत्रातील जाहिरातीत सारांश मराठीत. पाथर्डीहून नाशिकास जाण्या-येण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळून गरिबाचे कित्येक महिन्यांचे बिल भागते, तेव्हा जो हरकत घेण्यास येत नाही तो समाधानी आहे असे धरून चालणे हिशेबाने बरोबरच ठरते.

पाण्याच्या नियामकाबद्दलही लिहिणार होतो, पण जागा थोडी. एवढेच नोंदवतो की 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात, दोहोंहून अधिक अपत्ये असणाऱ्यास शेतीच्या पाण्याचा दर दीडपट पडेल, असे कलम आपल्या विधिमंडळाने घातले. कोणत्या पिकास किती पाणी लागते याचे कोष्टक कृषी विद्यापीठाकडे असते. कोणत्या अपत्यास किती लागते याचे बहुधा विधिमंडळाकडे असावे.

या सर्वांचा विचार करून आम्ही एक नम्र सूचना करतो. पाथर्डी तालुक्यातील दारिद्र्यरेषेखालील ग्राहकांनी सवलतीचा नाद सोडून वीजवाटपाच्या परवान्यासाठीच अर्ज करावा. परवानाधारकास युनिटांची कमाल मर्यादा नाही, थकबाकीस पंधरा दिवसांचे बंधन व्यवहारात आढळत नाही, आणि मुदत संपल्यावर खांबांच्या मोबदल्याची बोलणी होऊ शकतात. कायदा परवाना मागणाऱ्याचे भांडवल, पत आणि वर्तन तपासण्यास सांगतो. भांडवल म्हणून मुकादमाची उचल दाखवता येईल. कसलेही तारण न घेता जोडप्यास अख्ख्या हंगामाची रक्कम आगाऊ मिळते, यापरती पत कोणत्या कंपनीची आहे? वर्तनाचा दाखला महावितरणच्या उपविभागाने द्यावा. फक्त आयोगाने सुनावणीची तारीख गळीत हंगामात नेमू नये, एवढी विनंती; त्या काळात संपूर्ण संचालक मंडळ फडात असेल आणि मुकादम रजा देणार नाही.