अनाथांचा सीझन

मे महिन्यात आमच्या सोसायटीत दोन गोष्टींचा सीझन असतो: हापूसच्या पेट्या आणि चिरंजीवांचे परदेश दौरे. पेटीवर 'देवगड' छापलेलं असतं आणि आत पुष्कळदा कर्नाटकचा आंबा निघतो, पण रंग चांगला असतो म्हणून कोणी फार चौकशी करत नाही. दौऱ्यांचंही तसंच.

यंदा सेक्रेटरींचे चिरंजीव नेपाळला जाऊन आले. बीबीएच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली आणि त्यांना एकाएकी समाजाची काळजी वाटू लागली. "ट्रिप नाही हं, व्हॉलंटिअरिंग!" असं वहिनींनी मला लिफ्टमध्ये तीन मजल्यांत तीनदा सांगितलं. चौदा दिवसांचं पॅकेज. काठमांडूचं एक अनाथालय, तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, भिंती रंगवायच्या, आणि सेवेचा शीण घालवायला शेवटचे तीन दिवस पोखऱ्यात पॅराग्लायडिंग. फी पंचाहत्तर हजार, विमान वेगळं.

"म्हणजे राबायचं आपण आणि पैसेही आपणच मोजायचे?" मी विचारलं. माझ्या पिढीत हा व्यवहार फक्त लग्नात मुलीकडचे करायचे.

वास्तविक राबायची सोय कॉलेजातही होती. राष्ट्रीय सेवा योजना 1969 सालापासून चालू आहे. वर्षाचे 120 तास, शिवाय सात दिवसांचं शिबिर. चिरंजीवांच्या कॉलेजचं शिबिर मुळशीतल्या एका गावात होतं, बंधारा बांधायचा होता. ऐन वेळी त्यांना धुळीची अ‍ॅलर्जी निघाली, तसं डॉक्टरांचं पत्र गेलं आणि तास वहीत भरून मिळाले. काठमांडूत धूळ पुण्याहून कमी नाही. पण ती परदेशी आहे, ती सोसते.

आता नेपाळ हा परदेश धरावा की नाही, यावर आमच्या कट्ट्यावर दोन संध्याकाळी गेल्या. 1950 च्या करारामुळे आपल्याला तिकडे आणि त्यांना इकडे राहायला, काम करायला मुभा आहे. व्हिसा लागत नाही, त्यामुळे पासपोर्टवर शिक्काही बसत नाही. परदेशात जाऊन आलो आणि पुरावा नाही, ही केवढी पंचाईत! म्हणून अनाथालयाचं सर्टिफिकेट लॅमिनेट करून आणलं होतं. बाकी देश दयाळू माणसाच्या सोयीचा आहे. आपल्या 100 रुपयांचे तिथे 160 होतात, 1993 पासून दर हलला नाही. म्हणजे दयेवर सरळ साठ टक्के बोनस. आणि त्यांचं घड्याळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं असल्यामुळे माणूस पोचल्या पोचल्या पुढारलेला होतो.

फोटो रोज येत होते. चिरंजीवांच्या मांडीवर एक पोर, खांद्यावर एक, पाठीवर एक. खाली 'लाइफ चेंजिंग'. कोणाचं लाइफ ते स्पष्ट केलेलं नव्हतं. एका फोटोत ते भिंतीला निळा रंग देत होते. परत आल्यावर त्यांनीच हसत सांगितलं, की एका कोपऱ्यात पोपडा निघाला तर आत पिवळा, त्याच्या आत गुलाबी आणि त्याच्याही आत पुन्हा निळा. प्रत्येक तुकडी येते आणि रंगवून जाते. त्या भिंतीने खोली चारी बाजूंनी अर्धा इंच तरी खाल्ली असावी. मुलांना 'हेड, शोल्डर्स, नीज अँड टोज' पाठच होतं. चिरंजीवांना वाटलं, आपल्या शिकवण्याचा गुण. मुलं हुशार होती. ती दर पंधरा दिवसांनी हे गाणं नव्याने शिकत होती.

इथे जरा रसभंग करतो. 2015 च्या भूकंपानंतर युनिसेफने सांगितलं होतं, की नेपाळच्या अनाथालयांतल्या सुमारे 85 टक्के मुलांचे आईवडील, निदान दोघांपैकी एक, जिवंत आहेत. ही अनाथालयंही बहुतेक काठमांडू खोऱ्यात, पोखऱ्यात आणि चितवनमध्ये. हुमलासारख्या दुर्गम जिल्ह्यात दारिद्र्य मुबलक, पण अनाथ तिथे टिकत नाही. त्याला विमानतळ जवळ लागतो आणि बरी कॉफी. 1996 ते 2006 या यादवीच्या काळात 'मुलाला शिकवतो, बंडखोरांपासून लांब ठेवतो' असं सांगून दलाल हुमलातून पोरं उचलून न्यायचे, वर आईबापांकडूनच पैसे घ्यायचे. यादवी मिटली. गिऱ्हाईक मात्र वाढलं होतं. मांडीवर घ्यायला मूल हवं असलेले पाहुणे दारात उभे असतील, तर मुलं कुठून तरी आणावीच लागतात. पेटीवर देवगड, आत कर्नाटक.

हे मी सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे." ही तक्रार आमच्या घरातही आहे, त्यामुळे मी गप्प बसलो.

वहिनी मात्र मोठ्या मनाच्या. त्यांनी फोटो गेटवरच्या बहादूरलाही दाखवले. "देख, तेरे देश में जाके आया हमारा बेटा." बहादूर आमच्याकडे नऊ वर्षं आहे. सकाळी चौदा गाड्या धुतो, रात्री गेट सांभाळतो, मधल्या वेळात पंप. त्याने मोबाइल दोन्ही हातांत धरला आणि चिरंजीवांना सोडून मागच्या एकेका पोराचा चेहरा मोठा करून पाहत राहिला. मग मोबाइल परत देत म्हणाला, "हमारे गाँव में भी एक आदमी आया था. काठमांडू में पढ़ाएगा बोला. मेरी घरवाली ने बच्चा नहीं दिया."

"अरे रे," वहिनी म्हणाल्या, "चान्स गया."

गेल्या रविवारी सोसायटीची सभा झाली. विषय पहिला, चिरंजीवांचा सत्कार. शाल, श्रीफळ आणि त्यांचे दोन शब्द. दोन शब्द पंचवीस मिनिटं चालले. नेपाळी माणूस किती थोडक्यात सुखी असतो आणि आपण त्याच्याकडून काय शिकावं, यावर भर होता. टाळ्या झाल्या. पुढच्या मे महिन्यात केनियाचा विचार आहे, तेही समजलं.

विषय दुसरा, बहादूरचा अर्ज. तो दोन वर्षं घरी गेलेला नाही. दशैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, महिनाभर रजा हवी, हे आतापासून सांगून ठेवतोय. बिनपगारी चालेल, बदली माणूस तोच देईल. त्याचं गाव अछाम जिल्ह्यात, नेपाळच्या पार पश्चिम टोकाला. पुण्याहून दिल्लीपर्यंत रेल्वे, तिथून रात्रभर बसने बनबसा, महाकाली नदीच्या पुलावरून चालत पलीकडे, महेंद्रनगरहून डोंगरातली बस, आणि बस थांबते तिथून चढ. एका बाजूला तीन दिवस. हे मी सभेला समजावून सांगत होतो, तेवढ्यात खजिनदारांनी मला थांबवलं. "आपल्यात नेपाळ बघून आलेला माणूस बसलाय, त्यालाच विचारू या की."

चिरंजीवांनी शाल सावरली. "दिल्ली–काठमांडू पावणेदोन तास," ते म्हणाले. "मी गेलोय ना. तीन दिवस वगैरे काही लागत नाहीत."

सभेचा जीव भांड्यात पडला. जाणकाराचं मत मिळाल्यावर कोणी वाद घातला नाही. रजा दहा दिवसांची, प्रवास धरून. ठराव एकमताने मंजूर झाला, म्हणजे माझा हात कोणी मोजला नाही. इतिवृत्तात बहादूरचं नाव 'बहादूर (बी विंग)' असं घातलंय, कारण ए विंगच्या गेटवरही एक बहादूर आहे.

दशैं पंधरा दिवसांचा असतो. बहादूरला तो चार दिवसांत उरकायचा आहे.