पद्मिनीवाले सर

परभणीत बसमत रोड, जिंतूर रोड, गंगाखेड रोड, कुठंही घर घ्या. चार बंगले सोडून एक पद्मिनीवाले सर निघतातच. कृषी विद्यापीठातून नाहीतर पाटबंधारे खात्यातून निवृत्त, पोरगा पुण्यात, पेन्शन वेळेवर आणि पोर्चमध्ये ताडपत्रीखाली प्रीमियर पद्मिनी. पोरगा दर दिवाळीला म्हणतो, "बाबा, आता विकून टाका ना." सर ताडपत्रीची दोरी आणखी आवळतात. उत्तर तेवढंच.

गाडी चालते का, असं सरांना विचारू नये. गाडीचं काम चालतं. फियाट ११०० होती ती, कुर्ल्याच्या कारखान्यात १९७४ साली तिची पद्मिनी कशी झाली, इथून सर सुरू करतात आणि चहा येईस्तोवर १०८९ सीसीच्या इंजिनापर्यंत पोचतात. ऐकणारा बिचारा लग्नपत्रिका द्यायला आलेला असतो.

सध्या सरांना ब्रेकनं पछाडलंय. कारण खरं आहे, ही यातली खरी अडचण. जुन्या पद्मिनीत पॅडलच्या पुढं मास्टर सिलिंडर एक, त्यात पिस्टन एक आणि चारी चाकांत मिळून सर्किटही एकच. मागच्या एका चाकातलं रबर फाटलं तरी सगळं ब्रेक ऑइल तिथूनच गळून जाणार आणि पॅडल फळीला टेकणार. मग हँडब्रेक आणि हनुमान. टँडम मास्टरमध्ये एकाच नळीत दोन पिस्टन मागंपुढं बसतात. एक पुढच्या चाकांचा, एक मागच्या. एक बाजू गेली तरी दुसरी गाडी थांबवते, जरा लांब जाऊन का होईना.

हे कळल्यापासून सरांना सगळीकडं सिंगल सर्किटच दिसायला लागलं. निव्वळ सोयाबीन पेरणारा मेहुणा? सिंगल सर्किट. पहिलंच स्थळ बघून हो म्हणणारी पुतणी? सिंगल सर्किट. स्वतः सर दोन चष्मे, दोन छत्र्या आणि दोन डॉक्टर बाळगतात. एक डॉक्टर भात बंद करतो, दुसरा चपाती. सर निर्धास्त.

मिस्तरीनं परोपरीनं सांगून बघितलं. "नक्को सर, इत्ता लंबा काम कायकू? वायसर बदलतूं, हो जाता." पण सरांना वायसर नको, बूस्टरसकट टँडम हवा. मारुतीचा मास्टर बसेल असं कुणीतरी सांगितलं होतं. बसतो का, याची मिस्तरीला खात्री नव्हती. पण 'बनी तो बनी, नही तो परभणी' हे ब्रीद असलेल्या गावात बसवायचं म्हटलं की बसतंच. मधल्या काळात सरांनी डायनिंग टेबलावर दोन सिरिंज आणि सलाइनची नळी मांडून बायकोला, म्हणजे बाईंना, बोअरचं गणित समजावलं. मोठ्या बोअरचा मास्टर घेतला तर पॅडल थोडंच जातं, पण पायाला जोर लागतो. लहान घेतला तर उलट. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबल पुसायला फडकं आणलं.

खरा संसार दिसतो तो नवा मास्टर बसवल्यावर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना. या कामाला माणसं दोनच लागतात, पण त्यांचं एकमेकांवाचून अडतं. बाई स्टिअरिंगवर, सर गाडीखाली. सुरुवात मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकानं, म्हणजे मागच्या डाव्या.

"दाब. धर. धरलंस का?"

"धरलंय हो."

"सोडू नको! निपल उघडंय!"

"कुकर लावलाय मी, अहो."

शिट्टी झाली, पाय सुटला, नळीत परत हवा. ऑइल सांडून तुळशीवृंदावनाचा रंग उडाला तो वेगळाच. ब्रेक ऑइल रंग खातं, हे सरांनी त्याच वेळी शास्त्रोक्त समजावून सांगितलं.

अखेर ट्रायल निघाली. बसमत रोडवर सरांनी पॅडल दाबलं आणि गाडी जागेवर थांबली. कॉलनीतली पोरं मागून सायकलीवर होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी हात केला, गिअर टाकला, क्लच सोडला. गाडी जागची हलेना. मागनं उसाचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला, त्याच्यामागं आणखी एक. मिस्तरीला फोन गेला. पॅडलचा पुशरॉड केसभर लांब राहिला होता. त्यामुळं पिस्टन पुरता मागं येत नव्हता, ऑइल परत जायचं छिद्र झाकलेलंच राहत होतं आणि चारी ब्रेक आवळलेले. मिस्तरीनं पान्याचा अर्धा फेरा दिला. गाडी सुटली. सर म्हणाले, "बघा, पकड कशी आहे!"

आता गाडी थांबतेही आणि निघतेही. पण सर गावाबाहेर नेत नाहीत. उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला गेला की ऑइल उकळेल म्हणून. ते उकळायला दोनशेवर अंश लागतात हे आपल्याला त्यांनीच शिकवलेलं असतं. पण ते कोऱ्या ऑइलचं झालं, हवेतलं पाणी प्यालेलं ऑइल लवकर उकळतं. मग पावसाळ्यात का नाही? पावसाळ्यात तर हवेत पाणीच पाणी.

म्हणून एकादशीला बाई जनाबाईच्या दर्शनाला गंगाखेडला निघतात त्या एसटीनं. सर स्टँडवर सोडायला येतात, ऑटोनं. बाई खिडकीत बसतात, कंडक्टर डबल बेल देतो, तरी गाडी निघत नाही. सर ड्रायव्हरच्या खिडकीखाली उभे असतात: "मास्तर, एअर ब्रेकची टाकी एकच आहे की दोन?"