आप्पांचा एसी

नंदुरबार तालुक्यातल्या आमच्या धानोऱ्यात एक आप्पा आहेत. तुमच्याही गावात असतील, फक्त गाडी वेगळी असेल. आप्पांची मारुती आठशे आहे आणि तीही स्टँडर्ड मॉडेल, म्हणजे हवेसाठी हातानं फिरवायच्या काचा, बाकी रामभरोसे. ही गाडी 1983 च्या डिसेंबरात आली आणि 2014 च्या जानेवारीत कंपनीनं तिचं उत्पादन थांबवलं. आप्पांनी ही बातमी वाचली, घडी घातली आणि गाडीच्या सीटखाली ठेवली.

मुलगा पुण्याहून सांगतो, "आप्पा, विका ती. नवी घेऊ."

"हिला काय झालंय? एसी तेवढा नाही. बसवून घेऊ."

आमच्याकडे मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो, त्यामुळे गरज खोटी नव्हती. पण आप्पांचा आनंद गारव्यात नसून बसवून घेण्यात आहे. सुरतेच्या जुन्या सामानातून कॉम्प्रेसर आला, कूलिंग कॉइल आली. कॉम्प्रेसरला पट्टा हवा, पट्ट्याला पुली हवी, पुलीला ब्रॅकेट हवं. लग्नाच्या बोलणीत एकेक मागणी निघावी तसं मिस्त्री नवीन काढत गेला. डॅशबोर्ड कापला, पत्र्याला भोकं पाडली. खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीच्या पुढे गेला, तेव्हा आप्पांनी हिशेबाची वहीच बदलली.

आता मुद्दा असा, की आठशेचं इंजिन 796 सीसीचं. तेच चाकं फिरवणार, तेच कॉम्प्रेसर. क्लच 'टक' करून लागला की गाडी एक ठेच खाते आणि आप्पा अभिमानानं मागे बघतात, "लागला!" शिवाय कंडेन्सर बसतो रेडिएटरच्या पुढ्यात, त्याची गरम हवा रेडिएटरवर जाते. माणसं गार व्हायला लागली की इंजिनाला ताप चढतो. काटा वर सरकला की एसी बंद. काचा मात्र उघडायच्या नाहीत, कारण नाक्यावर चार माणसं बघत असतात. पूर्वी काळी फिल्म तरी होती. 2012 साली सुप्रीम कोर्टानं तिच्यावर बंदी घातल्यापासून आतला घाम बाहेरून स्पष्ट दिसतो.

"खाले करा हो ती काच, जीव घाबरी ऱ्हायना!" वहिनी ओरडतात.

"गारवा जाईल ना बाहेर," आप्पा उत्तर देतात. कुठला गारवा, हे विचारायची सोय नाही.

एकदा तोरणमाळला निघाले. प्रकाशा, शहादा सपाटीवर, तिथवर एसी चालला म्हणायला हरकत नाही. घाट लागताच गाडी दुसऱ्या गिअरवर रडायला लागली. आप्पांनी एसी बंद केला. तोरणमाळ साडेअकराशे मीटरच्या आसपास उंचावर. वर पोचल्यावर एसीची गरजच उरली नाही. म्हणजे जिथं गाडी दमते तिथं एसी लावता येत नाही आणि जिथं लावता येतो तिथं लावून उपयोग नाही. आप्पांनी याचा अर्थ 'डिझेल-पेट्रोलची बचत' असा लावला. गाडी पेट्रोलची आहे, डिझेल उगाच भारदस्तपणासाठी.

हिवाळ्यात ते कॉम्प्रेसरचा पट्टा काढून खुंटीला अडकवतात. हसू नका. अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं 1940 च्या मॉडेलला कारखान्यातूनच एसी दिला होता. तो बंद करायचा तर इंजिन थांबवून, बोनेट उघडून, पट्टा हातानं उतरवावा लागे. यंत्रसामग्रीनं निम्मी डिकी खाल्ली होती ती वेगळीच. हे आप्पांना सांगितलं, तेव्हापासून ते गाडीला 'अमेरिकन सिस्टीम' म्हणतात. चूक माझी नाही, पॅकार्डची.

1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या मालट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली, ही बातमी आली त्या दिवशी आप्पा पारावर म्हणाले, "सरकारला आत्ता सुचलं." ट्रक-ड्रायव्हरला खरोखरच ती सोय फार आधी मिळायला हवी होती, एवढ्यापुरता मी आप्पांच्या बाजूनं आहे.

उन्हाळ्यात धानोऱ्याला आलात आणि आप्पांनी लिफ्ट दिली, तर नाही म्हणू नका, मनाला लागतं त्यांच्या. पण मागच्या सीटवर बसावं लागेल हे धरून चाला, कारण पुढची वहिनींची आहे. मागे ती हवा पोचत नाही. टॉवेल आणि पाण्याची बाटली घेऊनच बसा.