अडुसष्टचे साडेएकोणसाठ: नवशिक्यांसाठी पावसाची नोंद

साहित्य: शेतात एक पर्जन्यमापक, एक जुना लॅपटॉप, आरआरडीटूल नावाचं फुकट मिळणारं साधन आणि सगळा पाऊस आपल्याला तोंडपाठ आहे असं मानणारं एक म्हातारं माणूस. शेवटची वस्तू बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी मिळते. आमच्याकडे आबाजी आहेत.

आरआरडीटूल तोबियास ओटिकर या स्विस गृहस्थाने 1999 मध्ये बाहेर आणलं. नेटवर्कमधून किती माहिती वाहते ते दर पाच मिनिटांनी टिपायचं, हे त्याचं मूळ काम. आपल्याकडे दर पाच मिनिटांनी काही वाहत नाही, म्हणून आपण दिवसाला एक नोंद करणार. इथे बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळा पडदा, त्यावर हुकूम लिहायचा आणि एंटर दाबायचं. (हुकूम मी इथे देवनागरीत देतोय, तुम्ही इंग्रजीतच टाइप करा. मी देवनागरीत टाकून पाहिलं, त्याने ओळख दाखवली नाही.)

आधी फाइल बनवा: ‘आरआरडीटूल क्रिएट’. कापूस घरात आला की माणसं ओसरीवर झोपायला जातात. इथे तसं होत नाही. जागा पहिल्याच दिवशी ठरते आणि पुढे एक बाइटही वाढत नाही. दिवसाचे 400 खाने मागितलेत तर आकड्यांना 3,200 बाइट, बस. रहाटाच्या गाडग्यांसारखे खाने फिरत राहतात. 401वा दिवस आला की पहिला दिवस रिकामा करून त्यातच नवा भरायचा.

मग जुनं जातं कुठे? ते तुम्ही क्रिएट करतानाच सांगायचं. सात दिवसांचा एक आकडा करून दहा वर्षं ठेव, महिन्याचा एक करून पन्नास वर्षं ठेव. तो आकडा सरासरी हवा, सर्वांत मोठा हवा की सर्वांत लहान, हेही आधीच. आबाजींचं डोकं याच पद्धतीने चालतं. परवाचा पाऊस त्यांना तासातासाने आठवतो, गेल्या सालचा नक्षत्रानक्षत्राने, आणि त्यामागची सगळी वर्षं ‘बरी’ किंवा ‘वाईट’. फक्त नवशिक्याने सगळीकडे सरासरी लावू नये. महिन्याची सरासरी उत्तम येते आणि त्यात वीस दिवसांचा खंड बेमालूम बुजतो. सोयाबीन मात्र सरासरीवर जगत नाही.

दोन आकडे जपून द्या. एक, जास्तीत जास्त किती पाऊस मान्य करायचा. मी 500 दिलाय, कारण पुतण्याने एकदा 68 ऐवजी 680 टाकले होते. मर्यादेबाहेरचा आकडा हे साधन वाद न घालता ‘अज्ञात’ म्हणून टाकून देतं. दुसरा, हार्टबीट: किती सेकंद नोंद आली नाही तर तो काळ अज्ञात समजायचा. दिवसाचे सेकंद 86,400. नेमके तेवढेच देऊ नका, एक लाख द्या. नाहीतर म्हैस अडली, पाच मिनिटं उशीर झाला आणि अख्खा दिवस गेला. पण अज्ञात म्हणजे शून्य नव्हे. पाऊस पडला नाही आणि पाऊस मोजला नाही, यांतला फरक या यंत्राला कळतो, हे मला फार आवडलं.

आता नोंद: ‘आरआरडीटूल अपडेट’, फाइलचं नाव, ‘एन’ म्हणजे आत्ता, विसर्ग, मिलिमीटर. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, म्हणून मी साडेआठलाच मोजून टाकायचो. एका सकाळी मापकात 68 भरले. आधी शून्य, नंतरही शून्य. दोन दिवसांनी ‘फेच’ करून पाहिलं तर पडद्यावर 5.95, पुढे शून्यांची माळ आणि शेवटी ‘ई अधिक 01’. म्हणजे साडेएकोणसाठ. खालच्या ओळीत साडेआठ.

चुलतभाऊ शेजारीच बसला होता. महसूल मंडळात चोवीस तासांत 65च्या वर गेलं की अतिवृष्टी, हे त्याला झोपेतही ठाऊक असतं.

“मंग झाली का नाही अतिवृष्टी?”

“कंप्युटर म्हन्ते, नाही.”

“मंग बांध कोनं नेला?”

बांध पावसानेच नेला होता. घोळ असा, की हे साधन 1 जानेवारी 1970च्या ग्रिनिचमधल्या मध्यरात्रीपासून सेकंद मोजतं. त्याचा दिवस आपल्याकडे पहाटे साडेपाचला उलटतो. माझा दिवस साडेआठचा. मधले तीन तास पलीकडच्या खान्यात पडले: 68चे एकवीस चोविसांश इकडे, तीन चोविसांश तिकडे. एकही मिलिमीटर हरवला नव्हता. वाटणी झाली होती, आणि वाटणीत अतिवृष्टी गेली. उपाय सोपा आहे. ‘एन’ सोडा आणि पहिल्या दिवसापासून प्रत्येक नोंदीवर त्या सकाळच्या साडेपाचची वेळ घाला. (आमच्या मापकाला सरकारदरबारी किंमत नाही, तरीही चुलतभाऊ अजून ते साडेआठ मागतो.)

एखादी नोंद विसरलात आणि पुढची टाकून बसलात, तर मागे जाता येत नाही. ‘इल्लिगल अटेम्प्ट’ असा फौजदारी शब्द येतो. घाबरू नका, कोणी येत नाही.

भविष्यही हवं असेल तर होल्ट-विंटर्स पद्धतीचा अंदाज यात आहे, पण त्याला आधी हंगामामागून हंगाम आकडे चारावे लागतात. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घट मांडतात. मधोमध चार ढेकळं, पावसाळ्याचे चार महिने. दुसऱ्या पहाटे भाकीत तयार. वेगात भेंडवळ पुढे आहे. बरोबर कोण येतं ते तुम्ही दोन्ही लिहून ठेवून ताडून पाहा. मी फक्त नोंदीचं शिकवतोय.

आबाजींना हे सगळं दाखवलं. त्यांनी विचारलं, “बहात्तरचा दुष्काळ टाकला का याच्यात?”

टाकून पाहिला. क्रिएटच्याच ओळीवर उत्तर आलं: पहिली नोंद 1980 नंतरची हवी.

“मंग तं पोरगंच हाये हे,” म्हणाले, आणि मापकातलं पाणी तुळशीला घालायला गेले. मी अजून वाचलं नव्हतं.